पावणेतीन पट्टे

सर,

तुमची मोजणी चुकली नव्हती. हे आधीच सांगून टाकते, कारण मी मुद्द्यावर यायला फार वेळ लावते अशी तुमची कायमची तक्रार होती, आणि या एका वाक्यापर्यंत यायला तर मला पंचवीसेक वर्षं लागली. त्यातली बावीस वर्षं तुम्ही नाहीच आहात. सत्त्याहत्तर हजारांच्या वर पट्टे होते आणि त्यातला एकही तुमच्या हातून सुटला नव्हता. सुटले असं मी तुम्हाला सांगितलं, तुम्ही ते मानलंत, आणि तसंच मानून गेलात. आज रविवार आहे, सकाळचे साडेनऊ झालेत. उज्जैनच्या फ्रीगंजमधल्या माझ्या घराच्या गॅलरीत बसले आहे, खाली रिक्षावाले "महाकाल, महाकाल" करून भाविकांना बोलावतायत, आणि मला एवढंच हवं आहे की चपला पायात सरकवाव्यात, तुमच्या घरी यावं, दार लोटावं आणि तुम्ही आतूनच म्हणावं, "आ गई क्या? ये, चाय टाकलीच आहे." इथून तुमचं घर चालत दहा मिनिटांवर होतं. आता तिथे खाली मोबाइलची दोन दुकानं आहेत आणि वर कुठलासा कोचिंग क्लास.

एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला तुम्हाला पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं होतं. माझे वडील बँकेच्या बदलीने इथे आलेले, त्यामुळे आमच्या घरातलं मराठी 'तिकडचं'. तुमचं घराणं कुण्या सरदाराच्या दफ्तरात कारकुनी करायला आलं आणि इथलंच होऊन गेलं. तुम्ही फळ्यापाशी उभं राहून म्हणालात, "ध्यान द्या, हा एक्सपेरिमेंट थोडा टेढा आहे, जल्दबाजी कराल तर पस्तावाल," आणि मी वहीत डोकं खुपसून हसले. तुम्हाला ते दिसलं. "हस, हस," तुम्ही म्हणालात, "तुमच्या पुण्याच्या मराठीत प्रकाश वेगळा चालत असेल तर तेवढं फक्त सांग." मी पुण्याची नव्हते, साताऱ्याची होते, पण तुमच्या लेखी नर्मदेपलीकडचं सगळं पुणंच होतं. पुढे दोन वर्षं मला 'पुणेवाली' म्हणून हाक मारलीत आणि मीही तुमच्या 'बिलकुल' आणि 'खाली-पिली'ची नक्कल करत राहिले. माझी मुलगी आता मला हसते. मी म्हणे 'बिलकुल' तुमच्यासारखं म्हणते. तिने तुम्हाला कधी ऐकलेलं नाही, पण मला ते खरंच वाटतं.

तुमचं वेड एकच होतं. कॅडमियमच्या दिव्यातून निघणाऱ्या लाल प्रकाशाची तरंगलांबी कुठल्याही पुस्तकातून न घेता, इथे, उज्जैनमध्ये, आपल्या हाताने मोजायची. पुस्तकात तो आकडा केव्हापासूनच छापलेला होता, मग मोजायचं कशाला, असं स्टाफरूममध्ये सगळे विचारायचे. "छापलाय तो दुसऱ्याने मोजलेला," एवढंच तुमचं उत्तर. त्यासाठी तुम्ही इंटरफेरोमीटर बनवला होता. दोन आरसे, त्यातला एक सरकणारा. आरसा अर्ध्या तरंगाइतका सरकला की समोरून उजेड-अंधाराचा एक पट्टा जातो. ठरावीक अंतर सरकवायचा, किती पट्टे गेले ते मोजायचे, भागाकार करायचा. सांगायला दोन मिनिटं लागतात. अंतर मात्र खात्रीचं हवं, म्हणून कापड गिरणीच्या टूलरूममधल्या ओळखीच्या फोरमनकडून तुम्ही पंचवीस मिलिमीटरचा पोलादी ठोकळा मागून आणलात, ज्याला कारखान्यात स्लिप गेज म्हणतात. तो रुमालात बांधून शर्टाच्या वरच्या खिशात ठेवायचात आणि सायकलवरून येताना एका हाताने खिसा धरून ठेवायचात.

तो मे महिना मला अजून अंगावर जाणवतो. कॉलेजला सुट्टी, इमारत रिकामी, खोलीच्या खिडक्या बंद, आणि पंखाही बंद, कारण वाऱ्याने पट्टे थरथरतात. तुमच्या डोळ्यांऐवजी एक फोटोसेल पट्ट्यांकडे बघतोय आणि चार्ट रेकॉर्डरचं पेन लांबच लांब कागदावर प्रत्येक पट्ट्याची एक उंची, एक छोटं शिखर, काढत चाललंय. दर पंधरा मिनिटांनी मी थर्मामीटर वाचते आणि तुम्ही वहीत लिहिता. अडतीस. अडतीस. सव्वाअडतीस. शिपाई दारातून डोकावून म्हणतो, "साब, आप दोनों बावले हो गए हो. पंखा तो चला लो." तुम्ही ओठांवर बोट ठेवता. तुमच्या कानामागून घाम खाली येतोय आणि तुम्ही तो पुसतही नाही, टेबल हलेल म्हणून. सकाळपासून दुपारपर्यंत तसंच चाललं. शेवटचा पट्टा गेला, तुम्ही मोटार बंद केलीत आणि म्हणालात, "चल, आता बर्फाचा गोळा खाऊ." मला वाटलं, झालं काम.

काम तर तुमच्या स्वयंपाकघरात होतं. दीडशे मीटरच्या वर कागद, आणि त्यावरच्या उंच्या एक एक करून मोजायच्या. घरात सरळ लांब जमीन तेवढीच होती, ओट्यापासून मोरीपर्यंत. काकू कागदाला वळसा घालून फोडणी द्यायच्या. "अगं, पाय संभाळ, फाटला तर तुझे सर माझ्यावर बिगडतील." पोहे व्हायचे, वर शेव आणि जीरावनचा मसाला, आणि बशी कागदापासून चार हात लांब ठेवायची असा नियम. दर दहाव्या उंचीवर पेन्सिलीची खूण. तुमच्या खुणा सरळ, माझ्या तिरक्या. चौथ्या दिवशी मला कंटाळा आला, आणि मी जे केलं ते आठवून अजून कान तापतात. एका मीटरमध्ये किती येतात ते मोजलं, उरलेल्या वीस मीटरांनी गुणलं, आणि आकडा तुमच्या हातात दिला. तुम्ही कागद बघितलात. खुणाच नव्हत्या. तुम्ही कधी आवाज चढवायचा नाहीत, त्या दिवशीही चढवला नाहीत. "मी तुला मोजायला सांगितलं होतं," तुम्ही म्हणालात, "अंदाज तर मी घरी झोपूनही केला असता." मग गुडघ्यांवर बसून ते वीस मीटर स्वतः मोजलेत. काकू मला म्हणाल्या, "जाऊ दे गं, कुकर उतरव," आणि मी रडत कुकर उतरवला. तीन वेळा तो सगळा कागद मोजला आपण. तिन्ही वेळा तोच आकडा आला.

मला पीएच.डी.ला दक्षिणेतल्या मोठ्या संस्थेत प्रवेश मिळाला तेव्हा तुम्ही आणि काकू मला भैरवगढ़ला घेऊन गेलात, छाप्याची चादर घेऊन द्यायला. चादर बाजूलाच राहिली. तुम्ही छापणाऱ्या माणसाच्या टेबलापाशी जे उभे राहिलात ते हलेचनात. "पहला ठप्पा कहाँ से लगाते हो?" तो म्हणाला, "किनारी से चार उंगल छोड़ के, बाबूजी. पहला सही बैठ जाए तो फिर हाथ अपने आप चलता है." तुम्ही माझ्याकडे वळलात, चेहरा अगदी उजळलेला. "ऐकलंस? पहिला ठसा कुठे, आणि दोन ठशांमध्ये अंतर किती. एवढ्या दोन गोष्टी पक्क्या असल्या की हजारावा ठसा कुठे पडणार ते इथे बसून सांगता येतं." काकू म्हणाल्या, "पोरीला चादर घ्यायची आहे का ट्यूशन?" लाल-काळी चादर घेतली. ती मी हॉस्टेलवर अंथरायची तेव्हा मुली विचारायच्या, कुठली गं ही? आणि मी सांगायची, माझ्या सरांनी दिली. तेवढं तरी मी अभिमानाने सांगत होते.

याच मोजणीवर लिहिलेला तुमचा पीएच.डी.चा प्रबंध विद्यापीठातून परत आला तेव्हा मी तिकडे दुसऱ्या वर्षाला होते. तुमचा आकडा पुस्तकातल्या आकड्याशी जुळत नव्हता. पंचवीस मिलिमीटरला जेवढे पट्टे यायला हवेत त्यापेक्षा तुमचे तीन कमी. नेमके तीन नव्हते, शेवटचा अपुरा पट्टा धरून थोडे कमीच भरायचे, पण सगळे तीनच म्हणायचे, बोलायला सोपं. परीक्षकाने एका ओळीत लिहिलं होतं की मोजणीत चूक झाली असावी. सत्त्याहत्तर हजारांत तीन म्हणजे काहीच नाही, आणि तरीही तुमच्या दृष्टीने सगळंच. कारण तुम्ही दुसरा कुठलाच दावा केला नव्हता. मी नीट मोजलं, एवढाच तुमचा दावा होता.

दिवाळीला मी आठ दिवसांसाठी घरी आले तेव्हा तुम्ही ती वही मला दिलीत. निरीक्षणांची जाड वही, पाठीला कापडी पट्टी. "शेवटची दोन पानं नीट बघ," तुम्ही म्हणालात. "मला काहीतरी खटकतंय, पण सापडत नाहीये. तू आता मोठ्या ठिकाणी आहेस, तुला दिसेल. मग पुढच्या मेमध्ये परत रन घेऊ." परत तो मे, परत बंद पंखा, या विचारानेच तुम्ही खुशीत होता. मी हो हो म्हटलं. जायच्या दिवशी सकाळी तुम्ही स्टेशनवर आलात, काकूंनी दिलेला पोळ्यांचा आणि लसणीच्या चटणीचा डबा घेऊन. गाडी लागलेली होती. तुम्ही खिडकीशी उभे, सायकलची क्लिप अजून पायजम्यालाच.

"बघितलीस?"

"हो सर."

"मग?"

"मोजणीतच गेलं असणार, सर. सुरुवातीला नाहीतर शेवटी. तीन सहज सुटतात."

शेजारून हमाल ओरडत गेला. मग म्हणालात, "तुला असं वाटतं?" मी म्हटलं, हो. "ठीक है," तुम्ही म्हणालात. "तू म्हणतेस म्हणजे असेल. मी उगाच खाली-पिली लावून धरलं होतं." मी वही परत द्यायला पिशवीतून काढली, तर तुम्ही हात मागे घेतलात. "राहू दे तुझ्याकडेच. मी आता काय करू तिचं?" गाडी सुटली आणि तुम्ही हात केलात. मी खिडकीतून हात केला आणि लगेच शेजारच्या मुलीशी बोलायला लागले. मी काय केलंय याची मला गंधवार्ताही नव्हती.

तुम्ही त्या मेमध्ये रन घेतलाच नाहीत. ठोकळा गिरणीत परत दिलात, इंटरफेरोमीटर स्टोअररूममध्ये गेला. मला तुमची पत्रं यायची, त्यात पावसाचं, काकूंच्या गुडघ्यांचं, माझ्या अभ्यासाचं सगळं असायचं, त्या लाल प्रकाशाचं अक्षरही नाही. मग एका दुपारी कॉलेजच्या जिन्यातच तुम्ही गेलात. मी आले तेव्हा पंधरा दिवस होऊन गेले होते. काकूंनी मला स्वयंपाकघरातच बसवलं, सवयीने. चहासाठी साखरेचा डबा काढायला मी फळीला हात लावला आणि डब्याखाली बघते तर पेनाच्या उंच्या. सगळ्या फळ्यांवर आपलाच कागद अंथरलेला. दर दहाव्या उंचीवर खूण, काही सरळ, काही तिरक्या. "कागद चांगला जाड होता गं," काकू म्हणाल्या. "ते म्हणाले, घे, आता त्याचं काही काम नाही." मी डबा परत तिथेच ठेवला आणि बिनसाखरेचा चहा प्याले. काकूंच्या लक्षात आलं नाही, किंवा आलंही असेल. त्याही गेल्या, आठ वर्षं झाली.

आता मी काय करते ते ऐका, तुम्ही असतात तर हेच पहिल्यांदा विचारलं असतंत. मी परत उज्जैनलाच राहते आणि रोज बसने इंदूरकडच्या एका लेसर प्रयोगशाळेत जाते. तिथे माझ्या टेबलावर एक लेसर आहे, तो प्रकाशाची अगदी बारीक, अगदी नियमित ठोक्यांची रांग सोडतो. तो प्रकाश पसरून पाहिला तर एक रंग दिसत नाही. लाखो सुट्या रेषा दिसतात, सारख्या अंतरावर, कंगव्याच्या दातांसारख्या. म्हणून त्याला कॉम्ब म्हणतात. पहिली रेष शून्यापासून किती सरकून बसली आहे आणि दोन रेषांत किती अंतर आहे, हे दोन आकडे अणुघड्याळाला बांधून ठेवले की लाखावी रेष कुठे आहे ते नेमकं सांगता येतं. हे मी नव्या विद्यार्थ्यांना भैरवगढ़च्या चादरीवरून शिकवते आणि त्यांना ते पटकन कळतं. मग कुठलाही अनोळखी प्रकाश घ्यायचा, तो कॉम्बच्या सर्वांत जवळच्या दाताशेजारी ठेवायचा आणि दोघांतला फरक मोजायचा. सेकंदाला कोट्यवधी कोटी वेळा हलणारा प्रकाश असा एकेका आंदोलनापर्यंत मोजता येतो, सर. काउंटर नावाचं यंत्र मोजतं. कुणाला जमिनीवर गुडघे टेकावे लागत नाहीत. पहिल्यांदा तो काउंटर चालताना पाहिला तेव्हा मी बाहेर जाऊन नळावर तोंड धुतलं आणि बरोबरच्यांना सांगितलं की डोळ्यात काहीतरी गेलं.

त्याच कॉम्बने आम्ही अंतरही मोजतो. ठोके समोरच्या आरशावर पाठवायचे, परत आलेले जुळवून बघायचे; पन्नास मीटर लांबचा आरसा केसाच्या जाडीहून कितीतरी कमी सरकला तरी कळतं. गेल्या महिन्यात लांब कॉरिडॉरमध्ये असं एक मापन होतं. दोन्ही आरसे खांबांत पक्के रोवलेले, अंतर आधीच्या आठवड्यात मोजून ठेवलेलं. मी यंत्र लावलं, आणि समोरचा खांब चक्क दीड मिलिमीटर जवळ आलेला. कॉम्बच्या हिशेबात दीड मिलिमीटर म्हणजे गावंच्या गावं ओलांडल्यासारखं. सकाळभर मी सगळ्यांवर चिडचिड केली, आरसे कुणी हलवले म्हणून दोघांना झापलं. दुपारी लक्षात आलं की चूक माझीच. प्रोग्रॅममध्ये हवेचे आकडे भरायचे असतात, तापमान, दाब, आर्द्रता, कारण हवा जशी दाट-विरळ तसा प्रकाश हळू किंवा भरभर चालतो. ते भरायचेच मी विसरले होते. न भरले तर प्रोग्रॅम ठरलेली हवा धरून चालतो: समुद्रसपाटीची, पंधरा अंशांची. मी जोरात म्हणाले, "इथे मे महिन्यात कुठली आलीय समुद्रकाठची पंधरा अंशांची हवा!" बरोबरचे हसले. मी मात्र हसता हसता खुर्चीत बसले, कारण माझ्या डोळ्यांसमोर तुमची बंद खिडक्यांची खोली आली.

पुस्तकातला तुमच्या लाल रेषेचा आकडा त्याच हवेतला होता. प्रकाशाची वारंवारता हवेने बदलत नाही, पण तरंगलांबी बदलते. आपण समुद्रापासून पाचशे मीटर उंचावर, बाहेर मे महिना, आत अडतीस अंश. हवा विरळ, म्हणून तरंग किंचित लांब, म्हणून त्याच ठोकळ्यात पट्टे किंचित कमी. उष्णतेने पोलाद वाढतं हे तुम्ही ध्यानात घेतलं होतं, त्या वाढीचे सोळा पट्टे तुम्ही बरोबर वजा केले होते. हवा कुणी वजा करायची? आपण तिच्यात श्वास घेत बसलो होतो. मी लवकर निघाले, बसमध्ये मला आकडेमोड सुचेना, घरी येऊन कपाटातून तुमची वही काढली आणि जेवणाच्या टेबलावर बसले. सगळी तापमानं होती, दर पंधरा मिनिटांची, तुमच्या अक्षरात. उज्जैनचा मे महिन्यातला दाब घातला आणि गुणाकार केला. हवेमुळे किती पट्टे कमी यायला हवेत? दोन पूर्णांक आठ दशांश. वहीत तुमचे किती कमी होते? दोन पूर्णांक आठ दशांश.

मुलगी क्लासहून आली तेव्हा मी तशीच बसले होते. तिला वाटलं कुणी गेलं. मग तीन आठवडे खटपट करून, परवानगी काढून, कॅडमियमच्या नळीवर लेसर लावला आणि ती लाल रेषा कॉम्बने मोजली. गरज नव्हती, पण छापलेला आकडा दुसऱ्याने मोजलेला असतो. वारंवारता मिळाली, तिच्यावरून तुमच्या त्या दिवशीच्या त्या खोलीतली तरंगलांबी काढली. तुमची आणि माझी जुळली, सर. गुडघ्यांवर बसून काढलेली आणि घड्याळाला बांधलेली, दोन्ही जुळल्या. शेजारच्या टेबलावरच्या मुलाला मी म्हटलं, हे बघ, आणि त्याने बघितलं आणि म्हणाला, "मॅम, बढ़िया." त्याला काय सांगणार? ज्याला सांगायचं तो एकच माणूस होता. मला तुमचा चेहरा बघायचा होता. तुम्ही आधी चष्मा काढून पुसला असतात, मग काकूंना हाक मारून म्हणाला असतात, "ऐकलं का, ही पुणेवाली काय म्हणतेय." त्या एका हाकेसाठी मी कॉम्ब, काउंटर, सगळी प्रयोगशाळा देऊन टाकीन.

तुमच्या शेवटच्या पानावर समासात पेन्सिलीने लिहिलेलं आहे. मी ते इतक्यांदा वाचलंय की पाठ झालंय. "पट्टा सुटला तर आख्खा सुटेल. दोन सुटतील, तीन सुटतील. पावणेतीन कसे सुटतील? मग ही चूक मोजणीची नाही. हे पाऊण कुठून आलं? हिला विचारावं." म्हणजे तुम्हाला दिसलं होतं. अर्धं कोडं तुम्ही सोडवून ठेवलं होतं आणि उरलेलं अर्धं माझ्या हातात दिलं होतं. ते पान एकदा वाचणाऱ्या कुणालाही मोजणी चुकली असं म्हणता आलं नसतं.

हे पत्र कुठे जाणार नाही हे मला माहीत आहे, आणि खरं तर म्हणूनच लिहिता आलं. तुम्ही समोर असतात तर मी हवेचं सांगितलं असतं, आपण दोघांनी मिळून त्या परीक्षकाला नावं ठेवली असती, काकूंनी पोहे केले असते आणि पुढचं मी गिळून टाकलं असतं. त्या आठ दिवसांत मैत्रिणीचं लग्न होतं, सिनेमे होते, फराळ होता. आणि थोडी लाजही वाटत होती, सर, मोठ्या संस्थेतली यंत्रं बघून आल्यावर तुमच्या हातच्या इंटरफेरोमीटरची. नंतर तुम्ही गेलात आणि मग धीर झाला नाही; पाच घरं बदलली, वही प्रत्येक घरी आणली आणि प्रत्येक घरी कपाटात ठेवून दिली. गेल्या महिन्यात टेबलावर घेतली ती पहिली वेळ. तुम्ही प्लॅटफॉर्मवर विचारलंत, बघितलीस? आणि मी हो म्हणाले. सर, मी ती वही उघडलीच नव्हती.